एका खोलीचं सामान

लग्न शनिवारी झालं, आणि त्याच दुपारी, पाहुणे जेवायला बसलेले असताना, थोरल्यांनी मुलीची खोली हलवली. म्हणजे स्वतः हात लावला नाही. ते नवा कोट घालून सभागृहाच्या दारात उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत होते. हलवली त्यांच्या धाकट्या भावाने. पण बेत थोरल्यांचा, चित्र थोरल्यांनी काढलेलं, त्यामुळे पुढचं सगळं खापरही थोरल्यांच्याच माथी फुटलं. आणि ते बरोबरच झालं.

चित्र ही या घरच्या सामान हलवण्याच्या धंद्यातली, आजोबांच्या हातगाडीपासून चालत आलेली पद्धत. कुणाचं घर हलवायचं ठरलं की आधी जाऊन प्रत्येक खोली कागदावर काढून घ्यायची. टेबल कुठे, टेबलावरचा दिवा कुठल्या कोपऱ्यात, पुस्तकांची रांग कुठून सुरू होते, कपाटाच्या कुठल्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. नव्या जागी सामान त्या चित्राबरहुकूम लावायचं. गिऱ्हाइकाने आत पाऊल टाकलं की घर आपलंच वाटलं पाहिजे, फक्त खिडकीबाहेरचं बदललेलं. या पद्धतीवर दोन गाड्या झाल्या, खाली गोदाम आणि वर घर झालं. थोरल्यांनी आजवर एवढ्या संसारांची चित्रं काढली होती की रस्त्याने जाताना ते दिव्याच्या खांबांच्या जागाही मनात टिपून ठेवत.

जिन्याजवळच्या, मुलीच्या खोलीचं चित्र त्यांनी लग्नाच्या दहा दिवस आधी काढलं. मुलगी, जिला घरात सगळे बारकी म्हणत, चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांचे डोळे तपासायच्या नोकरीवर गेली होती. बायको बाजारात होती. थोरले बारकीच्या पलंगाच्या कडेला बसून दीड तास काढत राहिले. खिडकीतल्या तीन कुंड्या, आरशाला अडकवलेल्या गळ्यातल्या माळा, टेबलाखालची चपलांची खोकी. एकही वस्तू सुटू दिली नाही. आयुष्यात त्यांना भाषण जमलं नव्हतं, पत्र जमलं नव्हतं. मुलीला जवळ घेणंही ती सहावीत गेल्यापासून बंद झालं होतं. जे एक काम त्यांना साऱ्या शहरात सगळ्यांत चांगलं येत होतं, ते त्यांनी मुलीसाठी करायचं ठरवलं. यात कुणाला काही खटकण्यासारखं असेल, असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

"काका कुठेयत?" बारकीने सभागृहात विचारलं. सह्या होऊन दोन तास झाले होते.

"येतोय. गाडीचं जरा काम निघालं."

"आज?"

"गाडीला काय कळतंय आज काय आहे ते."

बारकी गेली. पंधरा मिनिटांनी परत आली. "बाबा, फोटो काढायचेत सगळ्यांचे. काका उचलत नाहीयेत फोन."

"गाडीखाली असेल. काढून घ्या तुम्ही."

"त्यांच्याशिवाय?"

थोरल्यांना हसू आवरत नव्हतं. सहा वर्षांची असल्यापासून बारकी धाकट्यांच्या गाडीत पुढे बसून फिरलेली, गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलेली. आता हिला वाईट वाटतंय, संध्याकाळी कळेल काका कुठे होता ते, मग बघू चेहरा. असा सगळा हिशेब त्यांनी मनाशी केला आणि फोटोत ते इतके खुशीत उभे राहिले की बायकोनेही दोनदा वळून पाहिलं.

*

त्या वेळी धाकटे शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत उभे होते आणि समोरच्या पलंगाकडे बघत होते.

आत शिरायला अडचण आली नव्हती. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी गाडीवरचं नाव वाचलं, मुलीचं सामान म्हटल्यावर कौतुकाने दार उघडून दिलं. एक स्वयंपाकघर, एक खोली. खोली थोरल्यांनी आधीच मोजून ठेवली होती, आणि ती जिन्याजवळच्या खोलीएवढीच होती, फक्त हातभर जास्त लांब. पण मोजली तेव्हा ती रिकामी होती. आता तिच्यात दोघांचा, रुंद, नवाकोरा पलंग होता. गादीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

धाकट्यांनी भावाला फोन लावला. पलीकडे गाणी, ताटं, माणसं.

"दादा, इथे एक पलंग आहे."

"असेल की."

"मोठा आहे. नवा आहे."

"चित्रात आहे का?"

"चित्रात कसा असेल? तू चित्र आपल्या घरचं काढलंस."

"मग बाहेर काढ. खिडकीखाली तिचा पलंग येतो. चित्राप्रमाणे लाव, ठरलंय ना आपलं?" आणि मग कुणाला तरी, "या, या, जेवून जायचं हं." फोन बंद झाला.

बरोबरच्या दोघा गड्यांपैकी वयस्कर होता तो खाकरला. "धाकटे मालक, नवरा-बायको म्हणजे..."

"माहितीये मला."

"एकाच माणसाचा पलंग आहे आपला."

"अरे, माहितीये म्हटलं ना."

धाकटे लग्नाच्या भानगडीत कधी पडले नव्हते, तरी इतपत अक्कल त्यांना होती. पण एकतीस वर्षं भावाचं चित्र हातात आलं की प्रश्न विचारायचा नाही, अशी सवय होती. चित्र थोरल्यांचं, गाडी धाकट्यांची. त्यांनी पाना काढला, नवा पलंग सुटा केला, आणि त्याचे भाग स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात भिंतीला टेकवून ठेवले. मग बारकीचा पलंग खिडकीखाली, कुंड्या, आरसा, आरशाला माळा, डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने. साडेचारला काम संपलं. एक पेलासुद्धा फुटला नव्हता. धाकट्यांनी दारातून खोलीकडे पाहिलं. ती खोली इतकी बारकीची झाली होती की तिच्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

*

बारकीची आई संध्याकाळी फुलं ठेवायला जिन्याजवळच्या खोलीत गेली. सभागृहातून आणलेला मोठा गुच्छ पाण्यात ठेवायला तिला बारकीच्या टेबलावरचं भांडं हवं होतं. दिवा लावला, आणि ती गुच्छ घेऊन तशीच उभी राहिली. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा फिका चौकोन होता. फरशी पुसलेली होती. थोरल्यांचे गडी खोली रिकामी केल्यावर फरशी पुसून निघतात, हे गिऱ्हाइकांना फार आवडायचं.

"अहो," तिने हाक मारली. आवाज चढला नव्हता. थोरले पायातले बूट काढत होते, एक बूट घालून एक हातात घेऊन आले.

"बघितलंस? सगळं पोचलं तिच्याकडे. आत्ता या घडीला ती तिथे उभी असेल. सगळं जिथल्या तिथे."

"मला विचारलंत?"

"गुपित होतं ते."

"माझ्यापासूनही?"

"तू बोलून टाकलं असतंस तिला."

"हो, टाकलं असतं. आणि ती नको म्हणाली असती." आईने गुच्छ खिडकीच्या रिकाम्या कट्ट्यावर ठेवला. "मंगळवारी ती येणार होती. सुट्टी घेतलीये तिने. आम्ही दोघी मिळून कपाट आवरणार होतो. काय न्यायचं, काय ठेवायचं, काय टाकायचं. चार महिने ठरवतोय आम्ही. मंगळवारी जेवायचं आणि दिवसभर आवरायचं."

"मग आता आयता दिवस मोकळा मिळाला ना तुम्हाला."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. "बूट काढा तो दुसरा," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात धाकटे जिना चढून आले. लग्नाचे कपडे त्यांनी गाडीत बदलले होते आणि नेसल्या कपड्यांना वंगणाचा वास होता. थोरल्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"आम्ही निघालो तेव्हा आली नव्हती."

"सगळं चित्राप्रमाणे?"

"सगळं." धाकटे खाली बसले. "वहिनी, थोडं पाणी द्या. आणि दादा, एक सांगतो, तो त्यांचा पलंग होता. दोघांचा. मी तो बोळात उभा करून आलोय. पोरगी आज पहिल्यांदा नवऱ्याबरोबर त्या घरात जाणार आणि आत तिचा शाळेच्या वयातला पलंग."

थोरल्यांची सून दारात उभी होती, सातवा महिना लागलेला, हात कमरेवर. तिला हसू फुटलं. सासूने तिच्याकडे पाहिलं, आणि सुनेने ते हसू गिळलं. पण तोवर सासूच्याही तोंडाचा कोपरा हलला होता. ते हसण्यासारखं मात्र राहिलं नव्हतं.

"मला वाटलं तू बरोबर लावशील," थोरले म्हणाले.

"तू म्हणालास ना, चित्राप्रमाणे."

"डोकं म्हणून काही असतं माणसाला."

"मी दुपारी फोन केला होता दादा. डोक्यासाठीच केला होता." धाकटे उठले, आणि पाणी न पिताच खाली गोदामात निघून गेले. दोघा भावांत असं आजवर झालं नव्हतं.

*

रविवारी बारकीचा फोन आला नाही. थोरले दिवसभर फोन खिशात घेऊन फिरत होते. "नवीन संसार आहे, वेळ नसेल," असं ते तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा कुणी काही विचारलेलं नव्हतं. थोरल्यांचा मुलगा, सुनेचा नवरा, मोठी गाडी घेऊन दहा दिवसांच्या फेरीवर निघून गेला होता. या घरातले पुरुष अशा वेळी नेमके गाडीवर असतात.

सोमवारी आईनेच फोन केला. सून शेजारी बसून कपड्यांच्या घड्या करत होती, तिला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"उद्या येतेयस ना गं?"

"उद्या कशाला?"

"ठरलं होतं ना आपलं."

"आवरायचं ठरलं होतं, आई. आता काय आवरायचंय तिथे?" बारकीचा आवाज सपाट होता. दुकानात गिऱ्हाइकाला भिंतीवरची शेवटची ओळ वाचा असं सांगताना असतो तसा. "शनिवारी बाराला सह्या करून तीन तास झाले नव्हते, तोवर माझं सगळं बाहेर. एवढी घाई होती तर आधी सांगायचं. मी स्वतः नेलं असतं. आणि काका... मी वेड्यासारखी दाराकडे बघत होते तिथे."

"अगं, बाबांना वाटलं..."

"वहिनीला सांग, झाली जागा."

आई काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला. सुनेच्या हातातली घडी तशीच राहिली.

सून या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. तिची आणि नवऱ्याची खोली मागच्या बाजूला, इतकी लहान की कपाटाचं दार उघडायचं तर पलंगावर बसावं लागे. पाळणा कुठे बसणार, असं ती एकदा, एकदाच, जेवताना म्हणाली होती. सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या मनात जिन्याजवळची खोली येऊन-जाऊन होती, हे खोटं नव्हतं. बारकी लग्न करून जाईल, मग वर्षभराने, सहा महिन्यांनी, कधीतरी सगळे बसतील आणि कुणीतरी म्हणेल. कदाचित बारकीच म्हणेल. सुनेला वाट बघायला हरकत नव्हती.

संध्याकाळी थोरले रिकाम्या खोलीत उभे असलेले तिला दिसले. ती आत गेली.

"बाबा, मी बोलू का?"

"बोल की."

"बारकीला वाटतंय मी मागितली ही खोली."

"असं कसं वाटेल तिला?"

"वाटतंय. आईंना विचारा." ती भिंतीला टेकली. "मला हवी होती ही खोली, खोटं नाही बोलत. पण मागून घेतली असती मी. तिच्याकडून. तिने हो म्हटलं असतं, मग मी पाळणा आणला असता, आणि ती यायची तेव्हा तिचा पलंग एका बाजूला असता. आता तुम्ही दिलीत तरी मला घेता येत नाही. इथे पाळणा ठेवला तर ती या घरात पाऊल ठेवायची नाही, आणि तिचं बरोबर असेल."

थोरल्यांनी भिंतीवरच्या फिक्या चौकोनावरून हात फिरवला. "मी चांगल्यासाठी केलं गं," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. तिला माहीत नाहीये."

सून सासऱ्यांशी एवढं सलग कधी बोलली नव्हती. बाहेर आली तर जिन्याशी सासू उभी होती. सासूने तिचा हात धरला आणि तिला खुर्चीपर्यंत नेलं.

*

मंगळवारी सकाळी जावई गोदामात आले. मोजणी खात्यात नोकरी, उन्हातान्हात शेतांच्या हद्दी मोजायचं काम, त्यामुळे माणूस आधीच कमी बोलणारा; त्यात सासऱ्यांच्या कचेरीत पहिल्यांदाच आलेले. थोरले पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे वही घेऊन बसले होते. दारातल्या सावलीला त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय हलवायचंय?"

"एका खोलीचं सामान."

"कुठून कुठे?"

"आमच्याकडून तुमच्याकडे."

थोरल्यांनी वर पाहिलं. जावई अवघडून उभे होते. "बसा," थोरले म्हणाले. "बसा आधी."

"तिने पाठवलंय. म्हणाली, गिऱ्हाईक म्हणून जा, रीतसर नाव नोंदव. मी म्हटलं, असं नको. ती म्हणाली, मग मी जाते." जावयांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाबा, मी मध्ये पडत नाही. मला पलंगाचंही काही नाही, आम्ही स्वयंपाकघरात गादी घालून झोपतोय. पण ती शनिवारपासून त्या खोलीत जात नाहीये. स्वयंपाकघरात बसते."

"एक पेला फुटला नाही," थोरले म्हणाले. आपण हे का बोललो, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"नाही फुटला. तेच म्हणते ती. म्हणते, माझ्या बाबांनी मला इतकं नीट बांधून पोचवलं की परत यायला एक धागा ठेवला नाही."

मागे गाडीचं झाकण उघडून धाकटे तेल तपासत होते. त्यांनी झाकण खाली टाकलं. शनिवारनंतर दोघे भाऊ कामापुरतंच बोलत होते. धाकटे तेलाचे हात पुसत पुढे आले, आणि जावयांना म्हणाले, "ती घरी आहे आज?"

"आहे. सुट्टी होती तिची."

"दादा, चल."

थोरल्यांनी टेबलाच्या खणातून जिन्याजवळच्या खोलीचं चित्र काढलं, सवयीने. मग ते परत खणात टाकलं आणि खण लोटला.

*

बारकीने दार उघडलं ते बाजूला न होता. "काका, तुम्ही या," ती म्हणाली. धाकटे वडीलभावाकडे बघून तिथेच थांबले.

बोळात नव्या पलंगाचे भाग उभे होते. त्यांना अंग चोरून वळसा घालूनच आत जाता येत होतं. थोरल्यांनी ते आता पहिल्यांदा पाहिले. चांगलं लाकूड होतं. दोघांनी मिळून कुठूनतरी हेरून आणलेलं असणार.

"सगळं परत न्यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"बरं."

बारकी वादाच्या तयारीत होती, तिला हे अपेक्षित नव्हतं. ती बाजूला झाली. थोरले आत गेले, खोलीच्या मध्ये उभे राहिले. काम निर्दोष होतं. तीन कुंड्या, आरसा, माळा. कपाटाच्या मागच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडीसुद्धा होती, इथली फरशी सपाट असताना. त्यांनी वाकून ती घडी काढली, आणि हातात धरून उभे राहिले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बारकी दारातून म्हणाली. "वहिनीने?"

"नाही. तिचा संबंध नाही. आईचाही नाही, काकाचाही नाही."

"मग मला घालवायची एवढी घाई कसली होती?"

"घालवायची नव्हती."

"बाबा, मी सभागृहातून निघाले तेव्हा मला वाटत होतं माझी दोन घरं आहेत. इथे आले आणि कळलं, एकच आहे. आणि ते मी निवडलेलंही नाही, तुम्ही लावून ठेवलेलं."

थोरले पलंगावर बसले, लग्नाआधी चित्र काढायला बसले होते तिथेच, फक्त आता खिडकीतून दुसरी गल्ली दिसत होती.

"आम्ही लोकांकडे जातो ना," ते म्हणाले, "मुली लग्न होऊन गेलेल्या घरांत. खोली तशीच ठेवलेली असते. अर्धं सामान तिकडे, अर्धं इकडे. आईबाप त्या खोलीचं दार लोटून घेतात. मला सांगतात, ही राहू द्या, ही शेवटी. मी कितीतरी बापांना त्या दाराशी उभं राहिलेलं पाहिलंय." ते थांबले. "मी रोज सकाळी जिना उतरतो तेव्हा वाटेत तुझं दार लागतं. मला ते अर्धं भरलेलं बघवलं नसतं. म्हणून एकदम केलं. तुला भेट म्हणून दिलं, पण केलं माझ्यासाठी. हे मला आत्ता कळतंय, बोलताना."

बोळात धाकट्यांनी उगाच पलंगाच्या एका फळीला हात लावून ती सरळ केली.

"मग हे सांगायचं होतं मला," बारकी म्हणाली. तिचा आवाज आता दुकानातला नव्हता. "मी म्हटलं असतं, बाबा, तुम्हाला बघवत नसेल तर दार लावून ठेवा. पण आत राहू दे."

"नाही जमलं सांगायला."

"आणि रिकामी बघवते आता?"

"नाही," थोरले म्हणाले. "ती तर अजिबात बघवत नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, कारण हातात पुठ्ठा होता आणि तो कुठे ठेवावा हे सुचत नव्हतं. बारकीने येऊन तो काढून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

थोरले उठले, बाह्या वर केल्या. "खोकी घेऊन येतो खालून. तासाभरात बांधून होईल."

"नको."

"नको म्हणजे?"

"तुम्ही हात लावू नका. काका, गाडी घेऊन जा आणि आईला घेऊन या. आज आमचं ठरलं होतं, मी आणि आई बसून बघू काय कुठे जायचं ते." ती बापाकडे वळली. "तुम्ही बाहेर बसा. लागलं की हाक मारते."

"मी नुसती कपाटातली खोकी..."

"बाबा."

थोरले जिन्यावर जाऊन बसले. पाऊण तासाने त्यांच्या बायकोने गाडीच्या उंच पायरीवरून धाकट्यांचा हात धरून उडी मारली, जिना चढून आली, आणि नवऱ्याच्या शेजारून आत जाताना त्याच्या खांद्यावर हात टेकवून गेली. बरोबर सूनही आली होती. "डॉक्टर चाला म्हणालेत," असं म्हणत ती तीन मजले चढली होती. दारात बारकी आणि ती समोरासमोर आल्या. "वहिनी, मी फोनवर बोलले ते..." बारकीने सुरुवात केली. "आधी बसायला दे," सून म्हणाली, "भांडू नंतर." मग दार लोटलं गेलं.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, "अगं, हे अजून आहे तुझ्याकडे?" आणि बारकीचं हसणं, मग तिघींचं. मग कुणीतरी रडत होतं. कोण ते दारातून ओळखू येईना. धाकटे एक पायरी खाली बसले आणि त्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढून भावापुढे धरला. थोरल्यांनी एक घेतलं.

"मी दुपारी फोनवर नीट सांगायला हवं होतं," धाकटे म्हणाले.

"सांगितलं होतंस तू."

चार वाजता जावई कामावरून लवकर परतले. सासरे आणि चुलतसासरे जिन्यावर ओळीने बसलेले पाहून ते खालच्या वळणावरच थांबले. "आत का नाही बसत?"

"बोलावलं नाही अजून," थोरले म्हणाले.

जावयांनी थोडा विचार केला, आणि तेही खालच्या पायरीवर टेकले. आता आत वस्तूंची वाटणी चालली होती. एकेका वस्तूचं नाव ऐकू यायचं, मग बारकीचा निकाल. आरसा इथे. कुंड्या इथे, एक आईला. चपलांची खोकी टाकून द्या. पुस्तकं अर्धी वहिनीच्या बाळाला, मोठं झाल्यावर. थोरले प्रत्येक शब्द ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचं सामान उचललं होतं, पण ते ठरत असताना ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"आणि पलंग?" आतून आईने विचारलं.

थोरल्यांनी दाराकडे मान वळवली.

"पलंग परत न्या," बारकी म्हणाली. "मी राहायला आले की कुठे झोपू? खिडकीकडे नको, तिथे पाळणा येऊ दे, उजेड आहे. माझा दाराकडे लावा." मग दार उघडलं आणि तिने डोकं बाहेर काढलं. तिघे पुरुष पायऱ्यांवर बसलेले पाहून ती क्षणभर थबकली. "बाबा," ती म्हणाली, "या. पलंग सोडायचाय."

थोरले उठले. बसून बसून गुडघे धरले होते, कठड्याला हात लावून ते वर आले, खिशातला पाना चाचपला. उंबऱ्याशी मात्र त्यांचे पाय थांबले. दार सताड उघडं होतं, मुलगी समोर उभी होती.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.